धुळीच्या सात वाटा

नेसरीच्या एस. टी. स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एक माणूस शेजारी आला, खाली वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला आणि तसाच गुडघ्यांवर हात टेकून थांबला. सरळ उभे राहायला त्याला वेळ लागला. चेहरा वर आला तेव्हा ओळख पटली. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. वय ४४. दिसत होता साठीचा.

"काय रे, दम लागला?"

"लागतोय मामा. घरापासनं स्टँडावर येईस्तवर दोनदा बसलो वाटंत."

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत त्याने १९ वर्षे काम केले होते. काम फेटलिंगचे. म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी वस्तूला चिकटलेली, जळून करपलेली वाळू ग्राइंडरने घासून काढायची आणि कडा साफ करायच्या. दम लागू लागला तसा तो गावी परतला. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झाला, एकदा नव्हे, दोनदा. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण एक्स-रेवर ठिपके होते, म्हणून गोळ्या दिल्या गेल्या.

"डॉक्टरांनी तुला काम काय करतोस म्हणून विचारलं का?"

"न्हाई. बिडी वडतोस काय म्हणून इचारलं. मामा, मी जन्मात बिडीला हात लावला न्हाई."

पुढे कोल्हापुरातल्या छातीच्या एका डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला आणि दोन मिनिटांत निदान केले. सिलिकोसिस. या आजाराला औषध नाही. फुप्फुसात गेलेली धूळ बाहेर काढता येत नाही आणि तिने केलेले व्रण भरून येत नाहीत.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्न विचारताना वैद्याने आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो म्हणजे तुमचा धंदा कोणता, असे त्याने त्यात बजावले. त्याला सव्वातीनशे वर्षे झाली. आमच्या भाच्यापर्यंत तो प्रश्न पोहोचायला त्यातली शेवटची चार वर्षे जास्तच लागली.

गाडी आली, मी बसलो. पण त्या दिवशी घरी परतल्यावर मला झोप आली नाही. त्याचे कारण केवळ नात्याचे नव्हते. ते माझ्या नोकरीशीही निगडित होते.

रकाना नव्हता

मी बँकेत अधिकारी होतो. १९९० नंतरची काही वर्षे कोल्हापुरात लघुउद्योगांच्या कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील उद्योजक येत. कोल्हापूरच्या मातीत यंत्राची आवड मुरलेली आहे. ऑइल इंजिनांपासून सुरू झालेला हा प्रवास मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत गेला आणि आज तीनशेच्या आसपास फाउंड्री या जिल्ह्यात आहेत. देशभर धावणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांच्या पोटात कोल्हापूरचे ओतीव लोखंड असते. याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे.

कर्जाच्या अर्जासोबत प्रकल्प अहवाल असे. त्यात भट्टी, मोल्डिंग मशीन, वाळू मिसळण्याचे यंत्र, शेड, विजेची जोडणी, खेळते भांडवल, मार्जिन मनी अशा सगळ्यांचे रकाने. मी एकेक आकडा तपासत असे. उधारी किती दिवसांची, कच्चा माल किती दिवसांचा, हप्ता फिटेल की नाही, हे पाहण्यात मी कुठे कमी पडलो नाही. पण धूळ ओढून घेणारी यंत्रणा कुठे आहे, हे मी एकाही अर्जदाराला विचारले नाही. तो रकानाच नव्हता. एखाद्या अहवालात डस्ट कलेक्टर असलाच, तर खर्च कमी करून प्रकल्प 'बसवायचा' म्हणून सर्वांत आधी त्यावर पेन्सिल फिरे. ती पेन्सिल कधी अर्जदाराची असे, तर कधी माझी.

शेडची पाहणी करायला जायचो तेव्हा आतले वातावरण धुरकट असे. दुपारच्या उन्हाचा कवडसा पत्र्याच्या भोकातून आला की त्यात धूळ नाचताना दिसे. 'काम जोरात दिसते,' असा शेरा मी मनातल्या मनात मारत असे. माझ्या हिशेबात धूळ हे उत्पादनाचे लक्षण होते.

नेमके काय घडते?

वाळू आपण रोज पाहतो. नदीत खेळलो, घरे बांधली, पाखडली, चाळली. मग वाळूने माणूस मरतो म्हणजे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. डोळ्यांना दिसणारा वाळूचा दाणा फुप्फुसात जातच नाही. तो जड असतो, खाली पडतो, फार तर नाकात अडकतो. धोका आहे तो वाळू फुटून, घासून, तापून तयार होणाऱ्या पिठापासून. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारा कण असतो पाच मायक्रॉनच्या आतला. तो सुटा डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्तास हवेत तरंगत राहतो. म्हणजे कवडशात जी नाचताना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात कमी धोक्याची. खरी घातक धूळ स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही असू शकते.

हा कण स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा असेल, तर शरीराच्या पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण होतो, व्रणांच्या गाठी होतात आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस हळूहळू निबर होते. हे सहसा दहा-वीस वर्षे चालते. धूळ फार असेल तर काही वर्षांतच आटोपते. अशा फुप्फुसाला क्षयाची लागणही चटकन होते. त्यामुळे दोन्ही आजारांची गल्लत होते आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्रही असतात.

किती धूळ चालते? अमेरिकेत २०१६ साली ठरलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे पाळीभरात अर्धा मिलिग्रॅम. आपल्या कारखान्यांतून निघणाऱ्या जाड साखरेचा एकच दाणा वजनाला याहून अधिक भरतो. आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धुळीच्या मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. त्यातील सूत्राप्रमाणे शुद्ध सिलिकाच्या सूक्ष्म धुळीची मर्यादा घनमीटरला सुमारे १०० मायक्रोग्रॅम येई, म्हणजे अमेरिकेच्या दुप्पट. ती दुप्पट मर्यादासुद्धा कागदावर होती. धूळ मोजण्याचे यंत्र मी पाहिलेल्या कुठल्याही शेडमध्ये नव्हते.

टेक्सासची वाळू, कासार्ड्याची वाळू

आमच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा ह्यूस्टनला तेलविहिरींच्या क्षेत्रात इंजिनिअर आहे. तो सुटीवर आला असताना भाच्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "काका, हे तर आमच्याकडेही झालं." मला नवल वाटले. तेलविहिरीत वाळू कशाला?

त्याने समजावले ते असे. जमिनीखाली काही हजार फुटांवरच्या कठीण शेल खडकात तेल आणि वायू अडकून बसलेला असतो. विहीर खणून तिच्यात प्रचंड दाबाने पाणी सोडतात, म्हणजे खडकाला भेगा पडतात. त्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवतात. वाळूचे दाणे भेगांत पाचरीसारखे अडकतात आणि तेलाला वाट राहते. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला हजारो टन वाळू लागते. ती बहुतेक शुद्ध क्वार्ट्झ असते. इलिनॉयमधील ओटावासारख्या ज्या भागांतून ही वाळू जाऊ लागली, तेथील वाळू पूर्वीपासून काच आणि फाउंड्रीसाठीच प्रसिद्ध होती.

मला लगेच आपली कासार्ड्याची वाळू आठवली. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तेथून ट्रक घाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्रीत येतात. तेव्हा टेक्सासचा मजूर आणि आमचा भाचा एकाच जातीच्या धुळीत उभे होते.

तेथील गोष्ट मी नंतर वाचून काढली. अमेरिकेतील 'नायोश' ही सरकारी संशोधन संस्था २०१० च्या सुमारास तेल-वायू क्षेत्रातील कामगारांच्या अंगावर कोणती रसायने येतात हे तपासायला निघाली होती. विहिरीवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की मोठा धोका वाळूचाच आहे. पाच राज्यांतील ११ ठिकाणी कामगारांच्या श्वासाजवळच्या हवेचे ११६ नमुने घेतले गेले. त्यांतले ४७ टक्के नमुने त्या वेळच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे गेले. संस्थेने स्वतः शिफारस केलेल्या अधिक कडक मर्यादेपलीकडे ७९ टक्के गेले. आणि ३१ टक्के नमुन्यांत धूळ त्या शिफारशीच्या दहापट किंवा त्याहून जास्त होती.

शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. अर्धा चेहरा झाकणारा चांगल्या प्रतीचा मास्क, नीट बसला तर, धूळ दहापटीने कमी करतो असे धरतात. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश ठिकाणी मास्क लावूनही माणूस सुरक्षित नव्हता. २०१२ च्या जूनमध्ये तेथील सरकारने धोक्याची सूचना काढली.

पण मला त्या संशोधकांचे खरे कौतुक वाटले ते पुढच्या कामासाठी. 'सगळीकडे धूळच धूळ' असे म्हणून ते थांबले नाहीत. धूळ नेमकी कुठून निघते हे त्यांनी उभे राहून पाहिले आणि मोजले. वाटा निघाल्या सात. वाळूच्या मोठ्या पेट्या हवेच्या दाबाने भरताना वरच्या झाकणांतून, बाजूच्या उघड्या तोंडांतून, पेटीखालच्या पट्ट्यावरून, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना, पट्ट्याच्या शेवटच्या टोकावरून, मिश्रण करणाऱ्या यंत्राच्या हौद्यात वाळू पडताना, आणि आवारात फिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालून.

वाटा मोजल्या गेल्या म्हणून उपाय सुचले. झाकणावर बसेल अशी कापडी पिशव्यांची छोटी गाळणी संशोधकांनी तयार केली. बाजूची तोंडे बंद ठेवायला सांगितले. पट्ट्याच्या टोकाला पडदे लावायचे, वाळू कमी उंचीवरून पाडायची, रस्त्यावर पाणी मारायचे, माणसाला शक्य तेवढे लांबून यंत्र चालवू द्यायचे, अशी ती यादी. नंतर काही कंपन्यांनी वाळू बंद पेट्यांतूनच आणून ती तिच्याच वजनाने खाली सोडण्याची पद्धत काढली, म्हणजे हवेने फुंकण्याचा प्रश्नच उरला नाही. २०१६ च्या नियमात फ्रॅकिंगवाल्यांना मर्यादा पाळायला जून २०१८ पर्यंत आणि यंत्रणा बसवायला जून २०२१ पर्यंत मुदत दिली गेली. उद्योगाने कुरकूर केली, पण नियमाला तारीख होती.

आपल्या सात वाटा

नेसरीच्या माणसाला सात या आकड्याचे वेगळे सांगावे लागत नाही. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार याच खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. शाळेच्या सहली आजही त्या स्मारकाला येतात. मरणाला न भिणारा माणूस आम्हाला फार आवडतो. हाच स्वभाव शेडमध्येही दिसतो. मास्क लावणाऱ्या पोराला जुने कामगार हसतात. 'धुळीला भ्यालास व्हय?' असे विचारतात. पण समोर शत्रू दिसत असताना घोड्याला टाच मारणे वेगळे, आणि न दिसणाऱ्या धुळीत पगारासाठी वर्षानुवर्षे उभे राहणे वेगळे. दुसऱ्याला शौर्य म्हणणे हा त्या माणसाचा सन्मान नव्हे, आपली सोय आहे.

म्हणून मी कागद घेतला आणि फाउंड्रीतल्या वाटा मोजल्या. माझ्या जुन्या खातेदारांपैकी एक-दोघांनी मदत केली. योगायोगाने त्याही साधारण सातच भरल्या.

पहिली वाट वाळू उतरवण्याची. कोरडी वाळू ट्रकमधून उघड्यावर ओतली की पिठाचा लोट उठतो. दुसरी वाळू चाळण्याची आणि मिसळण्याची. तिसरी कोअर आणि साचे करण्याची. साच्याच्या वाळूत पाणी आणि बेंटोनाइट माती असते, त्यामुळे ओल असेतो ती फारशी उडत नाही. चौथी वाट नॉक-आउटची आणि ती फार मोठी. तापलेला रस साच्यात ओतला की वाळूतले पाणी उडून जाते आणि दाणे तडकतात. मग साचा फोडला, हलवला की त्यातून सुटते ती कोरडी, गरम आणि नव्याने फुटलेली धूळ. पाचवी शॉट ब्लास्टिंगची. सहावी फेटलिंगची, जिथे कामगाराचे तोंड ग्राइंडरपासून हातभर अंतरावर असते. आणि सातवी झाडलोटीची. पाळी संपताना कोरड्या झाडूने शेड झाडणे आणि हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झटकणे. दिवसभर खाली बसलेली सगळी धूळ त्या पंधरा मिनिटांत पुन्हा हवेत येते. उरलेली कपड्यांबरोबर घरी जाते आणि ती झटकते घरची बाई.

आता यातल्या प्रत्येक वाटेला काय लागते ते पाहा. उतरवायच्या जागेला आडोसा आणि झाकण. चाळणीला, मिक्सरला आच्छादन आणि ओढणी पंखा. नॉक-आउटच्या जाळीवर हूड आणि त्याला जोडलेला बॅग फिल्टर. ब्लास्टिंगला बंद खोली आणि वाळूऐवजी पोलादी गोळ्या. ब्रिटनने वाळूचा मारा करून ओतीव भाग साफ करणे १९४९ च्या नियमांनी बंदच केले. फेटलिंगला मागून हवा ओढणारे टेबल. झाडूऐवजी ओला पुसणा किंवा व्हॅक्यूम. हवेच्या पाइपने कपडे झटकायला बंदी, कामाचे कपडे कारखान्यातच बदलायची आणि धुवायची सोय. यातले शेवटचे दोन उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. उद्या सकाळी सुरू करता येतील.

मास्क या यादीत शेवटी येतो. तो नको असे नव्हे. पण भट्टीशेजारी, उन्हाळ्यात, आठ तास मास्क घालून ग्राइंडर चालवून पाहावा, म्हणजे तो हनुवटीखाली का येतो ते कळेल. मास्क दिला की आपली जबाबदारी कामगाराच्या नाकावर टांगता येते. धूळ उगमापाशीच अडवली, तर तो प्रश्नच लहान होतो.

मालकांची बाजू

मी मालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांचे ताळेबंद मी वाचले आहेत. मोठी वाहन कंपनी किलोमागे भाव ठरवते. विजेचे बिल, भंगाराचे दर, उधारी यांत छोट्या फाउंड्रीवाल्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. शेजाऱ्याने फिल्टर बसवला नाही आणि मी बसवला तर माझाच माल महाग, हे त्याचे म्हणणे खोटे नाही.

म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या सद्भावनेवर सोडता येत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरने वापरलेली वाळू पुन्हा वापरात आणण्याचा सामायिक प्रकल्प उभारला, तो एकेकट्याला न परवडणारे काम एकत्र येऊन होते म्हणूनच ना? मग धूळ मोजण्याची सामायिक प्रयोगशाळा, छातीच्या एक्स-रेची सामायिक सोय का होऊ नये? बँकांनी कर्जाच्या मंजुरीपत्रात विम्याची अट जशी घातली आहे, तशी धूळनियंत्रणाची अट का घालू नये? विमा मालाचा आणि यंत्राचा असतो, कारण तेच तारण असते. पण हप्ते फेडणारे उत्पादन ज्याच्या हातून निघते, त्याचा श्वास आम्ही कधी तारणात धरला नाही. आणि भाव ठरवणाऱ्या मोठ्या कंपन्या कास्टिंगचा दर्जा तपासायला माणसे पाठवतात, त्यांनी त्याच फेरीत शेडची हवाही तपासावी.

हे होऊ शकते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. माझ्या पिढीने पाटीवर ज्या पेन्सिलीने बाराखडी गिरवली, त्या दगडी पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर भागात तयार होत. करवतीने दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील माणसे तरुणपणीच जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. मध्य प्रदेशने १९८२ साली या कामगारांसाठी कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा केला आणि करवतींपाशी धूळ ओढणारी यंत्रणा बसू लागली. आम्ही ज्या वयात पेन्सिलीचा तुकडा चोरून खात होतो, त्या वयाची तिथली मुले बाप गमावत होती, हे मला साठी उलटल्यावर कळले.

कायदा बदलला, पुढे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने घेतली आहे. तिच्यावर वाद पुष्कळ आहेत आणि कामगार संघटनांचे आक्षेप हलक्याने घेण्यासारखे नाहीत. आधी दहा कामगारांवर आणि विजेवर चालणारी जागा कारखाना ठरत असे, आता तो आकडा २० झाला आहे. पण आपल्या विषयापुरत्या तीन गोष्टी कुटुंबांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, सिलिकोसिस हा आजही कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. मालकाने तो कळवायचा आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही. दुसरी, कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. तिसरी, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिले पाहिजे.

ही तिसरी गोष्ट साधी वाटते, पण तीच कळीची आहे. फेटलिंगचे काम पुष्कळदा ठेकेदाराकडे असते. त्यावर गडहिंग्लज-चंदगडची पोरे असतात, तशी बिहार-ओडिशातलीही असतात. दहा वर्षांनी दम लागतो तेव्हा ठेकेदार बदललेला असतो, कंपनीच्या रजिस्टरला नाव नसते. आजार सिद्ध होतो, पण तो कुठे झाला हे सिद्ध होत नाही. मध्य प्रदेशातील अलिराजपूर-झाबुआ भागातील आदिवासी गुजरातेत गोध्रा परिसरातल्या दगड दळण्याच्या कारखान्यांत जात आणि मरायला गावी परतत. त्यांतील २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली केली. ती रक्कम गुजरात सरकारने द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो २०१६ साली. राजस्थानने २०१९ मध्ये या आजाराचे स्वतंत्र धोरण केले; तेथे आजार प्रमाणित झाला की तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख मिळतात.

भरपाई हवीच. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती बुडीत खात्याची तरतूद आहे. कर्ज बुडू न देणे हे खरे काम.

आपल्या ओट्यावर

रविवारी सकाळी चहा घेत हे वाचणाऱ्यांना वाटेल की फाउंड्रीशी आपला काय संबंध? स्वयंपाकघराचा ओटा पाहा. हल्ली 'क्वार्ट्झ टॉप' बसवण्याची हौस वाढली आहे. हा कृत्रिम दगड क्वार्ट्झचा भुगा आणि राळ यांचा असतो, त्यात सिलिका नव्वद टक्क्यांपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही जास्त असते. तो कोरडा कापला की उडणारी धूळ फाउंड्रीपेक्षा कमी घातक नाही. ऑस्ट्रेलियात तरुण कारागीर आजारी पडू लागल्यावर तेथील सरकारांनी १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. आपल्या बाल्कनीत बसून एखादा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कटर चालवत असेल, तर निदान कापताना पाण्याची धार धरायला सांगा. धार धरायला माणूस नसेल तर बादली घेऊन स्वतः उभे राहा. घरात चिखल होईल, तो पुसता येतो.

आणि घरातले, भावकीतले कोणी फाउंड्रीत, दगडखाणीत, वाळूच्या चाळणीवर असेल आणि खोकला-दम जात नसेल, तर डॉक्टरांच्या विचारण्याची वाट पाहू नका. तो काय काम करतो, किती वर्षे करतो, हे आपणहून सांगा. जुनी पगाराची चिठ्ठी, ई.एस.आय.चे कार्ड, गेटपास, जे असेल ते जपून ठेवा.

भाच्याला मी परवा भेटलो. तो ओसरीवर बसून होता. त्याची बायको गडहिंग्लजला शिलाईकाम करते. मुलगा आय.टी.आय.ला आहे, ट्रेड फाउंड्रीमन. मी चमकलो. म्हणालो, "अरे, त्याला तरी दुसरीकडे घालायचं."

तो हसला. "मामा, काम वाईट न्हवं. लोखंडाचा रस वतताना बघा कधी, डोळं दिपत्यात. काम मला आवडायचं. तेवढी धूळ नसती तर अजून गेलो असतो."

मी घरी आलो आणि माझ्या जुन्या बँकेतल्या, आता वरिष्ठ झालेल्या एका अधिकाऱ्याला पत्र लिहायला घेतले. प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, एवढीच विनंती आहे. धूळ निघण्याची ठिकाणे कोणती आणि प्रत्येक ठिकाणी काय तरतूद केली, असा तो रकाना. खाली सात ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.